धाम, घाम आणि पाटाचं पाणी

लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजच्या मागं एक कोपरा असतो, तिथं फोटोवाले, व्हिडिओवाले, ड्रोनवाला पोरगा आणि एलईडी वॉलवाला असे सगळे प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून बसलेले असतात आणि एकमेकांचे चार्जर काढून आपापले लावत असतात. अक्षता पडायच्या आधी तासभर नुसतं बसायचं असतं, मग गप्पा होतात, आणि कुणाला कळलं की वॉलवर फिरतंय ते नवरा-नवरीच्या नावाचं टायटल या ताईंनी केलंय, की पुढचा प्रश्न ठरलेला. ताई, कशात केलं?

फ्युजनमध्ये.

मग समोरचा एक सेकंद थांबतो. एकाने विचारलं होतं, म्हणजे ते तबला-गिटारवालं का? दुसऱ्याला वाटलं मी नाश्त्याचं सांगतेय. मग मी सांगते की नाही हो, हलणारी चित्रं-अक्षरं बनवायचं सॉफ्टवेअर आहे, आफ्टर इफेक्ट्ससारखं, पण ते नाही. "आफ्टर इफेक्ट्स येत नाही का तुम्हाला?" आणि या प्रश्नात जो दयेचा सूर असतो ना, तो मी फक्त "मुलीचं अजून जमलं नाही का" या प्रश्नात ऐकलाय.

तर गोष्ट अशी की मी फलटणची, आणि २०१८ मध्ये मी गावातल्याच एका लग्नाच्या स्टुडिओत एडिटिंगला होते. तिथं सगळ्या कॉम्प्युटरवर सगळी सॉफ्टवेअरं क्रॅक केलेली, म्हणजे पैसे न भरता चोरून चालवलेली, जशी त्या काळात सगळीकडंच असायची, आणि टायटल म्हणजे रेडिमेड टेम्प्लेट. नाव बदलायचं, फोटो टाकायचा, रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरनं तयार व्हिडिओ काढून द्यायचा. एकाच सीझनमध्ये एकाच गावात सात लग्नांना तीच सोनेरी पाखरं उडाली आणि आठव्या लग्नात नवरीच्या भावाने विचारलं, अहो ही पाखरं माझ्या मित्राच्या लग्नातली ना? त्या दिवशी मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाज कमी आणि राग जास्त, कारण पाखरं कशी उडवायची हे मला येतच नव्हतं, मला फक्त त्यांच्या गळ्यात नावाची पाटी अडकवता येत होती.

घरी माझ्याकडं एक सेकंडहँड लॅपटॉप होता, आय थ्री, आठ जीबी रॅम. क्रॅक टाकायचं नाही असं ठरवलं होतं (यात फार मोठं तत्त्व वगैरे नव्हतं, आधीचा लॅपटॉप तसल्याच एका फाइलने खाल्ला होता) आणि महिन्याच्या महिन्याला सॉफ्टवेअरचं भाडं भरायची ऐपत नव्हती. फुकट काय मिळतंय ते शोधताना फ्युजनची नववी आवृत्ती सापडली. उतरवली, उघडली, आणि पाहते तर टाइमलाइनच नाही, लेयर (चित्रांचे एकावर एक थर) नाहीत, नुसती एक मोकळी राखाडी जागा. दोन दिवस मी ती जागा बघून बंद करत होते.

सॉफ्टवेअर नवंच आलं असेल म्हणून कुणाला माहीत नाही असा माझा समज होता. नंतर कळलं की हे माझ्यापेक्षा म्हातारं आहे. १९८७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, सिडनीतल्या एका स्टुडिओतल्या लोकांनी स्वतःच्या कामापुरतं ते बनवलं, तेव्हा डॉसवर चालायचं. १९९६ मध्ये ते बाजारात आलं, मग कॅनडातल्या टोरांटोच्या आयऑन कंपनीचं म्हणून बरीच वर्षं सिनेमावाल्यांमध्ये चाललं, आणि २०१४ मध्ये ते ब्लॅकमॅजिकनं विकत घेतलं, म्हणजे कॅमेरे आणि दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी. फुकट आवृत्ती मिळायला लागली ती तेव्हापासून. २०१८ ला रिझॉल्व्हच्या पंधराव्या आवृत्तीत त्याचं एक आख्खं पान आलं, त्यामुळं आज हजारो लोकांच्या कॉम्प्युटरवर फ्युजन आहे आणि त्यातले बरेच जण त्या पानावर चुकून क्लिक झालं की घाबरून परत एडिटच्या पानावर जातात. मी बघितलंय, आमच्या स्टुडिओतला दादाच जायचा.

ती राखाडी जागा मला कळली ती शेतात.

आमचं थोडं रान नीरा उजव्या कालव्याखाली येतं. कालव्याला आवर्तन सुटलं की आबा रात्री-अपरात्री दारं धरायला जायचे आणि लहानपणी मी बॅटरी धरायला. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मोठ्या पाटातून पाणी येतं, त्याला मातीचं दार असतं, आबा खोऱ्याने ते फोडणार, पाणी छोट्या पाटात, तिथून सरीत, एक सरी भरली की दार लिंपायचं आणि पुढचं फोडायचं. अंधारात पाणी दिसत नाही पण आबांना नुसत्या आवाजावरून कळायचं की कुठं फुटलंय. "वरनं बघत ये" म्हणायचे. खाली सरी कोरडी असेल तर सरीत काय बघतीस, पाणी जिथनं निघालं तिथनं चालत ये.

एका रात्री ट्युटोरियलमधला माणूस सांगत होता की हा बॅकग्राउंड, हा टेक्स्ट, यांच्या तारा मर्जमध्ये जोडा, आणि मर्जची तार शेवटी सेव्हरला (तो फाइल लिहून काढतो) जोडा, आणि मला अचानक वाटलं, अगं हे तर पाट आहेत. नोड म्हणतात त्या एकेक काम करणाऱ्या चौकटीला, आणि प्रत्येक नोड म्हणजे एक दार. पाणी येतं, त्यात काहीतरी होतं, पुढं जातं. मर्जला दोन पाट येऊन मिळतात, पिवळ्या बाणाचा मागचं चित्र आणतो, हिरव्याचा पुढचं, आणि निळा बाण सांगतो की कुठवर सोडायचं आणि कुठं अडवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. वरच्या पाटात युरिया टाकला तर खालच्या सगळ्या सऱ्यांना जाणार, एकाच सरीला हवा असेल तर त्या सरीच्या तोंडाशीच टाकायला पाहिजे. ब्लर मर्जच्या आधी लावला तर नुसतं नाव धूसर होतं, मर्जनंतर लावला तर मागचा मांडवसुद्धा. हे मी स्टुडिओत दोन वर्षं चुकत होते आणि "इफेक्ट नीट लागत नाही" एवढंच म्हणत होते.

लेयरवालं काम मला आजीच्या गोधडीसारखं वाटतं. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेनं धावदोरा घालायचा, वरून बघणाऱ्याला वरचं कापड दिसणार. सुंदर असते, ऊबदार असते. पण मधल्या थराला काय झालं हे बघायचं तर टाके उसवायला लागतात. आता आफ्टर इफेक्ट्सवाले म्हणतील प्रीकंपोज कर की, म्हणजे काही लेयर बांधून त्यांचा एकच लेयर कर, सोय आहे की, आणि आहेच, मी नाही म्हणत नाही. पण ती सोय म्हणजे गोधडीत गोधडी शिवायची. इकडं कसं, टेक्स्टचा एकच नोड, त्यातून चार तारा काढल्या, एक नावाला, एक सावलीला, एक चमकीला, एक खालच्या पाण्यातल्या प्रतिबिंबाला. रात्री अकराला नवरीच्या मामांचा फोन येतो की चि. सौ. कां. नंतरच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, मी एका ठिकाणी बदलते आणि चारही ठिकाणी बदलतं. मामा खूश, मी झोपायला मोकळी.

आबांना एकदा स्क्रीन दाखवली होती. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. काय चाललंय हे मी सांगितलं नव्हतं. मग एका नोडवर बोट ठेवून म्हणाले, "हिला पाणी नाही सोडलं का?" तो नोड खरंच कशाला जोडलेला नव्हता, मी ट्राय करून तसाच सोडून दिला होता.

आता काळ्या कडांची गोष्ट सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते, आणि तुमच्यापैकी कुणाचे तरी वाचतील.

फ्युजनमध्ये केलेलं पहिलं पैशाचं काम म्हणजे एका हळदीच्या व्हिडिओवरची नावं. पांढरी अक्षरं, अलगद उमलणारी, मी आठवडाभर खपून केलेली. मागं पारदर्शक असलेल्या पीएनजी, म्हणजे चित्रांच्या फाइल, काढल्या, स्टुडिओत एडिटिंगमध्ये पांढऱ्या पडद्याच्या शॉटवर टाकल्या. बघते तर प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक काळपट रेघ. काजळ घातल्यासारखी. दादा म्हणाला, हे काळं काय लागलंय गं नावाला? आणि तिथं बसलेल्या गिऱ्हाईकाच्या मावशी म्हणाल्या, राहू द्या, दृष्ट लागणार नाही. सगळे हसले आणि मी पण हसले आणि रात्री रडले.

कारण असं होतं. अक्षराच्या आत रंग पूर्ण असतो, बाहेर शून्य असतो, पण कडेवरचे पिक्सेल अर्धे आत अर्धे बाहेर असतात. समजा एका पिक्सेलवर अक्षर निम्मंच आहे, तर त्याचा अल्फा, म्हणजे तो मागचं किती झाकतो तो आकडा, ०.५. रंग पांढरा म्हणजे १. आता हा पिक्सेल दोन प्रकारे लिहून ठेवता येतो. एक, रंग १ आणि अल्फा ०.५ असं सुटं सुटं. दोन, रंग आधीच अल्फाने गुणून ०.५ करून ठेवायचा, याला प्रीमल्टिप्लाइड म्हणतात. फ्युजन आत सगळं दुसऱ्या पद्धतीनं करतं. पीएनजीचा नियम मात्र सुट्या रंगाचा आहे. मी गुणलेलं चित्र पीएनजीत भरलं, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनं ते सुटं समजून परत एकदा गुणलं. ०.५ चं झालं ०.२५. मागच्या पांढऱ्यातला निम्मा भाग उरतो, ०.५. दोन्हीची बेरीज ०.७५, म्हणजे राखाडी. यायला पाहिजे होतं ०.५ अधिक ०.५, बरोबर १, पांढऱ्यावर पांढरं, कडेला काहीच दिसायला नको होतं.

तेवढंच. चहात साखर एकाने घातली आणि न विचारता दुसऱ्याने परत घातली.

उपाय म्हणजे सेव्हरच्या आधी अल्फा डिव्हाइड नावाचा एक नोड. गुणलंय ते भागून दे आणि मग भर. रंग बदलायचे असतील तरी तसंच, आधी भागायचं, रंग बदलायचा, परत गुणायचं, नाहीतर कडा खराब होतात. आणि मर्जमध्येच एक स्लायडर आहे, एका टोकाला ॲडिटिव्ह, दुसऱ्या टोकाला सबट्रॅक्टिव्ह, मी सहा महिने त्याला हात लावला नव्हता, तो याचसाठी आहे, की पुढचं चित्र गुणलेलं आलंय का सुटं आलंय. हे सगळं गणित १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका पेपरात मांडून ठेवलंय. पुढचं चित्र, अधिक मागचं चित्र गुणिले एक वजा अल्फा. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चित्र ठेवलं की आत हेच चालतं. दुसरीकडं बऱ्याचदा ते पडद्यामागं गुपचूप होतं, मला इकडं स्वतःच्या हाताने नोड लावायला लागला म्हणून कळलं. बरं झालं असं आज म्हणते, तेव्हा म्हणत नव्हते, तेव्हा शिव्या देत होते.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते मराठीने.

फ्युजनच्या टेक्स्टमध्ये फॉलोअर नावाची एक गोष्ट आहे. एका अक्षराला हालचाल द्यायची, बाकीची अक्षरं थोड्या थोड्या उशिरानं तीच हालचाल करत मागून येतात. इंग्रजीत टाकलं की काय दिसतं म्हणून सांगू, ओळीनं पोरं उड्या मारत आल्यासारखं. मी मोठ्या उत्साहानं "निमंत्रण" टाकलं आणि शब्दाची पार दशा झाली. अक्षरं भलत्याच ठिकाणी तुटली, वेलांटी एकीकडं न दुसरीकडं, आणि डोक्यावरच्या रेघेत भेगा. सॉफ्टवेअरला तरी काय बोलणार. आपण निमंत्रण चार अक्षरांचं मोजतो, नि, मं, त्र, ण. कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये ते आठ आहेत: न, पहिली वेलांटी, म, अनुस्वार, त, हलन्त, र, ण. त्यातही वेलांटी साठवलेली न च्या नंतर आणि काढायची न च्या आधी. आठ पोरं ओळीनं उडवायची म्हटल्यावर त्यातली दोन-तीन पोरं दुसऱ्यांच्या कडेवर बसलेली आहेत हे त्याला कोण सांगणार?

डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट वापरून बघितले, ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असतात त्यामुळं कुठंही चालतात, पण मग तुकडेच उडतात, काना वेगळा, मात्रा वेगळी. शेवटी इंकस्केप नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्ता फॉन्टमध्ये शब्द लिहिला (मुंबईच्या एक टाइपचा आहे, मोफत आहे आणि फार देखणा आहे), त्याचं पाथ केलं, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकाररेषा केल्या, आणि एसव्हीजी फाइल करून फ्युजनमध्ये आणलं. आता प्रत्येक अक्षर माझ्या हातात. पण रेघ? चार अक्षरं सुटी सुटी खाली पडली की प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली चिंधी रेघ घेऊन पडतात, ते बघवत नाही.

आणि मग पहिलीतल्या बाई आठवल्या. पाटीवर त्या आधी अक्षरं लिहायला लावायच्या, बिनरेघेची, आणि शब्द पुरा झाला की म्हणायच्या, आता डोक्यावर रेघ. एका दमात, डावीकडून उजवीकडं. बोडकी अक्षरं आणि मग रेघ! मी इंकस्केपमध्ये सगळ्या अक्षरांच्या रेघा कापून टाकल्या. अक्षरं वरून एकेक करून खाली येऊन बसतात, शेवटचं बसलं की रेघ सर्रकन निघून जाते, आणि तीनशे रुपयांच्या टेम्प्लेटमध्ये हे कधीच मिळणार नाही कारण ते बनवणारा आमच्या बाईंच्या वर्गात नव्हता. रेघेसाठी पॉलिगन मास्क घेतला, त्याला जाडी दिली, आणि त्यात लेंग्थ म्हणून आकडा असतो तो शून्यापासून एकपर्यंत नेला, बस.

इतकी खूश झाले की पुढच्या सगळ्या कामांना तेच लावायला लागले. आणि मग एका वास्तुशांतीच्या आमंत्रणाचं काम आलं. बंगल्याचं नाव मातृधाम. मी अक्षरं पाडली, रेघ ओढली, छान, पाठवून दिलं. सकाळी फोन.

"मॅडम, घराला आईचं नाव दिलंय हो, घाम नाही."

मी व्हिडिओ उघडला. मातृघाम. स्पष्ट, ठळक, सोनेरी रंगात, मातृघाम.

ध च्या डोक्यावर डावीकडं रेघ नसते. तिथं फट असते, आणि त्या फटीत ध ची वळकटी असते. ती फट बुजवली की घ होतो. भ आणि म चं तेच, थ आणि य चं पण जवळपास तेच. तीस वर्षं मी मराठी वाचतेय लिहितेय, आणि अक्षरात जिथं काहीच नाही तिथं पण अक्षर असतं हे मला घामाने शिकवलं. त्या काकांना मी सांगायचा प्रयत्न केला की आईचा घाम आहेच की हो त्या घरात, पण ते चेष्टेच्या मूडमध्ये नव्हते. तेव्हापासून माझी रेघ एक नसते, ध आला की तुटते, पलीकडून परत सुरू होते, आणि ओढताना त्या ठिकाणी मी दोन फ्रेम थांबवते. हात उचलायला तेवढा वेळ लागतोच ना.

आणखी एक काम सांगते, ते मला सगळ्यात आवडतं. आकाशकंदील. दिवाळीच्या शुभेच्छांचा व्हिडिओ, कोपऱ्यात कंदील हलतोय, साधं काम. कीफ्रेम टाकून, म्हणजे कुठल्या क्षणी कुठं असायचं ते हातानं सांगून, केला, डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, पण तो घड्याळाच्या लंबकासारखा दिसत होता, कंदील नाही. मग कळलं की फ्युजनमध्ये आकड्याच्या जागी बरोबरचं चिन्ह टाइप केलं की सूत्र लिहिता येतं, आणि टाइम म्हणजे चालू फ्रेमचा नंबर. लिहिलं साइन, कंसात टाइम भागिले ८, त्याला गुणिले १०. दहावीत त्रिकोणमितीत मी काठावर पास झालेली मुलगी, मला साइन कशाला लागतो हे पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. ८ ने भागलं की एक पूर्ण झोका साधारण ५० फ्रेमचा होतो, आणि आपला व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे दोन सेकंदात एक झोका. पिव्हट म्हणजे तो कुठून टांगलाय ते, ते वर दोरीच्या टोकाशी न्यायचं, मधोमध ठेवलं तर कंदील टांगल्यासारखा न हलता मान हलवणाऱ्या नंदीबैलासारखा हलतो.

पण खरा जीव झिरमिळ्यांत होता. खाली सहा झिरमिळ्या, त्या पण कंदिलाबरोबरच एका सुरात हलायला लागल्या, पत्र्याच्या असल्यासारख्या. मग पहिल्या झिरमिळीत टाइमच्या जागी टाइम उणे ३ लिहिलं. दुसऱ्या झिरमिळीत उणे ४. मग ५. म्हणजे कंदील हलतो आणि तीन फ्रेमनंतर पहिल्या झिरमिळीला ते कळतं, मग दुसरीला, मग तिसरीला. प्ले केलं आणि मी खुर्चीतून उठले. वारा आला होता. नंतर साइनला आणखी एका संथ साइनने गुणलं, तर वारा मध्येच पडायला पण लागला आणि परत यायला लागला. त्या रात्री आईला उठवून दाखवलं, ती झोपेत म्हणाली, छान आहे, पण दिवा कुठंय आत? दिवा टाकायचा राहिलाच होता.

एक गंमत मला बऱ्याच उशिरा समजली, की फ्युजनमधले नोड निवडून कॉपी केले आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट केले तर मजकूर येतो. चित्र नाही, मजकूर. वाचता येतो. त्यात प्रत्येक नोडसमोर लिहिलेलं असतं की याचं इनपुट कुठल्या नोडकडून येतंय. पुढं कुठं जाणार ते लिहिलेलं नसतं, फक्त कुठून आलं एवढंच. आबांची पद्धत, वरनं बघत ये. माझा कंदील आज एका टेक्स्ट फाइलमध्ये आहे, काही केबीची, मैत्रिणीला मेल केला, तिनं तो मजकूर आपल्या फ्युजनमध्ये पेस्ट केला आणि तिच्या नाशिकमध्ये कंदील हलायला लागला.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर वाचून एखादी पोरगी सगळं सोडून हेच धरेल आणि मला शिव्या देईल. पुण्यात एका स्टुडिओत इंटरव्ह्यूला गेले होते, त्यांना काम आवडलं, कंदील तर दोनदा बघितला, आणि मग विचारलं की याच्या प्रोजेक्ट फाइल आमच्या टीमला उघडता येतील का. नाही. विषय संपला. त्यांचं चूक नव्हतं, दहा माणसं एका सॉफ्टवेअरमध्ये काम करतात तिथं अकरावी वेगळ्याच भाषेत बोलायला लागली तर कुणाला परवडेल? अडलं तर विचारायला गावात कुणी नाही. मराठीत तर शिकवणारं तेव्हा मला एकही सापडलं नव्हतं. आणि नुसती हलणारी अक्षरं, आकार, आयकॉन असं काम पटापट करायचं असेल तर लेयरवर ते खरंच लवकर होतं, दहा मिनिटांच्या कामाला इकडं माझा अर्धा तास जायचा, आणि त्या वीस मिनिटांना "शिकणं" म्हणायचं की "हट्ट" हे दर वेळी मला ठरवता आलेलं नाही.

शिवाय कमी चालणाऱ्या गोष्टीची एक भीती असतेच, ती बंद पडण्याची. शेक नावाचं असंच नोडवालं एक सॉफ्टवेअर होतं, मोठमोठ्या सिनेमांना वापरलेलं. २००२ मध्ये ॲपलनं ते घेतलं, २००९ मध्ये बंद केलं. त्यात आयुष्य घातलेल्या लोकांनी काय केलं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करते. शेवटी मी आफ्टर इफेक्ट्स पण शिकले, रीतसर पैसे भरून, आणि दीड महिन्यात कामापुरतं आलं, कारण अल्फा तोच, साइन तोच, पिव्हट तोच, नुसती दारं वेगळ्या ठिकाणी. आता दिवसा पोटापाण्याचं काम बऱ्याचदा त्यातच असतं. लग्नाच्या हॉलमध्ये कुणी विचारलं तर मी तेच नाव सांगून मोकळी होऊ शकते. पण सांगत नाही. तबला-गिटार ऐकायची सवय झालीय.

परवाचंच सांगते. पालखीचं काम चाललंय, माउलींची पालखी आमच्या फलटणला मुक्कामाला असते त्याच्या निमित्तानं एका ओळखीच्यांना वॉलवर लावायला भगव्या पताकांची रांग हवी होती. वॉल म्हणजे सरळ स्क्रीन नाही, आडवीच्या आडवी पट्टी, आणि साइज तीन वेळा बदलला. फ्युजनमध्ये जागा पिक्सेलमध्ये नसतात, शून्य ते एक अशा असतात, मध्य म्हणजे नेहमी ०.५, ०.५, त्यामुळं साइज बदलला तरी पताका आपल्या जागेवर राहिल्या, लेयरवर असतं तर मी परत सगळ्या हलवत बसले असते. चाळीस पताका. प्रत्येकीला शेजारणीपेक्षा दोन फ्रेम उशीर, म्हणजे वारा डावीकडून शिरतो आणि रांगेतून पार जातो. शेवटच्या चार-पाच पताका अजून जरा जास्तच शिस्तीत हलतायत, त्यांना थोडं बिघडवायला पाहिजे.

रात्री रेंडर लावला होता, सहाशे फ्रेम. मी कधीच सरळ व्हिडिओ काढत नाही, फ्रेमच्या सुट्या पीएनजीच काढते, ही सवय पण इथलीच, सेव्हरमुळं लागलेली. अडीच वाजता लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय, त्यामुळं तो पण गेला. गच्चीवर जाऊन बसले, सगळं गाव काळंभोर, लांब कालव्याच्या बाजूला कुणाची तरी बॅटरी हलत होती, कुणीतरी दारं धरत होतं. साडेतीनला लाइट आली. फोल्डर उघडून शेवटची फाइल बघितली, ४१२. तिचा अर्धाच भाग लिहिला गेला होता, खालून काळी. ती उडवली आणि ४१२ पासून परत लावला.